सुरमईच्या परदेशगमनास हरकत

वेसावे कोळीवाडा, अंधेरी (पश्चिम)
शिमग्याच्या आदल्या आठवड्यात

प्रिय मित्र प्रबुद्ध,

हरेश्वरचा सप्रेम जय भीम, आणि आमच्या घरातील सर्वांकडून तुम्हा उभयतांस जय एकवीरा.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो की नाही, मीरावहिनींची साखर आटोक्यात आहे की नाही, आणि मुलुंडला तुमच्या डोक्यावरची गच्ची गळायची थांबली की नाही, या तिन्ही गोष्टींची चौकशी मी येथे एकत्रच करून घेतो, कारण पुढे रागाच्या भरात ती राहून जाण्याचा पुष्कळ संभव आहे. माधुरीला दिवस गेल्याचे कळले तेव्हा आम्हाला फार आनंद झाला. तिच्या बाळंतपणासाठी तुम्ही दोघे नेदरलँड्सला जाणार, हेही योग्यच. आईबापांनी अशा वेळी गेलेच पाहिजे. त्या प्रवासाला माझी कोणतीही हरकत नव्हती. (तिकिटे काढण्यापूर्वी तू ती मला तपासायला पाठवलीस आणि परतीची तारीख व्हिसाच्या बाहेर जाते हे मीच तुझ्या लक्षात आणून दिले, हे तू विसरला नसशील.)

हरकत आज सकाळपासून आहे. रोशनी चहा पिता पिता म्हणाली, "पप्पा, प्रबुद्धकाका हो बोलले. सुरमईला तेच नेतील," आणि पुन्हा चहा पिऊ लागली. मी मात्र पेला खाली ठेवला. ज्या मनुष्याने कॉलेजच्या फाटकात निजणाऱ्या एका दात पडलेल्या कुत्र्याच्या धास्तीने दोन वर्षे मागच्या भिंतीवरून उडी टाकून वर्गात प्रवेश केला, तो मनुष्य माझ्या घरातील कुत्रीला सातासमुद्रापार घेऊन जाणार; आणि ही वार्ता मला माझ्या मुलीकडून, बिस्किटाबरोबर कळावी? इतक्या वर्षांच्या मैत्रीत तू साधा पंखा घेतलास तरी आधी मला विचारलेस. हे मात्र विचारले नाहीस. म्हणून हे पत्र. फोनवर तू मध्येच बोलतोस, व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा दाखवतोस. पत्रात तुला शेवटपर्यंत ऐकून घ्यावे लागेल. माझ्यावर काय प्रसंग गुदरला हे सविस्तर वाच, आणि मग तुझ्या 'हो'चा पुनर्विचार कर.

रोशनीच्या प्राणिमित्र गटाची ही योजना तिने तुला गोड शब्दांत सांगितली असेल. मी कोरड्या शब्दांत सांगतो. येथील रस्त्यावरची जखमी कुत्री उचलायची, बरी करायची, आणि येथे त्यांना कोणी घेत नाही म्हणून परदेशात घर शोधायचे. घर मिळाले की त्या देशाला निघालेला एखादा प्रवासी गाठायचा आणि त्याच्या तिकिटाला कुत्रा सामान म्हणून जोडून द्यायचा. कुत्रा विमानाच्या पोटात, प्रवासी वर खुर्चीत. उतरल्यावर प्रवाशाने पेटी ढकलत बाहेर यायचे आणि नव्या घरच्या माणसांच्या स्वाधीन करायची. अशा प्रवाशाला हे लोक 'फ्लाइट व्हॉलंटिअर' म्हणतात. व्हॉलंटिअर म्हणजे जो आपणहून पुढे येतो तो, अशी माझी बी.कॉम.पर्यंतची समजूत होती. रोशनीच्या गटात व्हॉलंटिअर म्हणजे ज्याच्या तोंडून आपल्या प्रवासाची तारीख चुकून निसटली तो. तू ती कोठे उच्चारलीस? माझ्याच घरी, माझ्याच खुर्चीत बसून, कमळने केलेली कोलंबीची खिचडी खाताना. मी तेव्हाच तुला डोळ्यांनी खुणावले होते. तुला वाटले मी मीठ मागतो आहे.

आता मूळ प्रकरण. गौरी-गणपती गेल्यानंतरच्या आठवड्यात आमच्या मासळीबाजाराच्या तोंडाशी बर्फाच्या टेम्पोने एका कुत्रीला उडवले. टेम्पोवाला थांबला नाही. (त्याचा क्रमांक मी मिळवला, पोलीस चौकीत गेलो, तेथे मला 'काका, माणसाला उडवलं असतं तर काहीतरी करता आलं असतं' असे सांगण्यात आले. तो क्रमांक आजही माझ्या पाकिटात आहे आणि तो टेम्पो आजही दिसतो.) कुत्री सरपटत कमळच्या मासळी विकायच्या पाटाखाली आली आणि तेथेच पडून राहिली. कमळने तिच्यावर ओला गोणपाट टाकला, गिऱ्हाईक सांभाळले आणि रोशनीला फोन केला. संध्याकाळी मी कचेरीतून घरी येतो तो माझ्या खुर्चीखाली, मागच्या उजव्या पायाला प्लास्टर घातलेली, राखाडी चंदेरी रंगाची कुत्री. रोशनी म्हणाली, "पप्पा, चिल. फक्त चार दिवस." कमळने तोवर तिचे नाव सुरमई ठेवून टाकले होते. प्रबुद्धा, तुला म्हणून सांगतो, ज्या प्राण्याचे नाव ठेवले गेले तो चार दिवसांनी जात नसतो. एवढे व्यवहारज्ञान माझ्या पदवीधर मुलीला नसावे?

चार दिवसांनी आम्ही तिच्यासाठी घर शोधू लागलो, आणि या शहराविषयी माझा जो काही आदर शिल्लक होता तो तेव्हा संपला. लोखंडवाल्यातून एक गृहस्थ पत्नीसह आले. पादत्राणे न काढता आत आले. सुरमईकडे पाहून त्यांनी मला विचारले, "ब्रीड कुठली?" मी सांगितले, "वेसाव्याची." ते हसले नाहीत. लॅब्राडोर मिळाला तर कळवा, असे सांगून गेले. जणू मी लॅब्राडोरची बाग लावली आहे. पवईतल्या एका बाईंना ती फोटोत फार आवडली, परंतु प्रत्यक्षात लंगडते हे पाहिल्यावर त्यांच्या सोसायटीचा नियम त्यांना आठवला. बोरिवलीच्या एका तरुणाने ती दोन दिवस ठेवून घेतली आणि 'वास येतो' म्हणून परत आणून दिली. वास येतो! मासळीबाजारातील कुत्रीला मोगऱ्याचा वास यावा काय? कोट्यवधींच्या घरांत राहणाऱ्या या लोकांना रस्त्यावरचा कुत्रा रस्त्यावरही नको असतो आणि घरातही नको असतो. आणि मग जेथे वर्षातून आठ महिने छत्री लागते अशा त्या नेदरलँड्समधील एक बाई फोटो पाहून म्हणते, 'मला हीच हवी.' मला याचा आनंद व्हायला हवा होता असे रोशनीचे मत आहे. मला संताप आला. आजही येतो.

त्या बाईंचे नाव हन्नेके. त्या शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त आहेत, एकट्या राहतात. त्यांचा जुना कुत्रा म्हातारा होऊन गेला. सर्व ठरले, सुरमईला टोचण्या झाल्या, कातडीखाली चिप बसवली गेली, आणि मग कळले की रक्ताची तपासणी परदेशातील प्रयोगशाळेत होते आणि रक्त काढल्यापासून तीन महिने थांबल्याखेरीज तिकडे प्रवेश नाही. (नियम मी स्वतः वाचला. नियमात दोष नाही. दोष 'चार दिवस' म्हणणारीत आहे.) ते तीन महिने कोणी काढले? रोशनी सकाळी आठला बाहेर पडते. कमळ पहाटे बंदरावर जाते. आमची खोली पहिल्या मजल्यावर, जिना लोखंडी आणि शिडीसारखा उभा; लंगडी कुत्री तो चढू शकत नाही. खाली सोडून द्यावी तर गल्लीतली टोळी तिला फाडायला टपलेली. तेव्हा सकाळ-संध्याकाळ तिला खांद्यावर टाकून जिना उतरणे आणि चढणे हे काम, कोणीही न सांगता, घरातील सर्वांत सुशिक्षित व्यक्तीवर आले. समुद्रावर तिला फिरवताना होड्यांची डागडुजी करणारी माणसे मला विचारीत, "शेठ, आज कुठली मासली खांद्यावर?"

मग आली पेटी. (रोशनी तिला क्रेट म्हणते.) नियम असा की कुत्र्याला पेटीत ताठ उभे राहता आले पाहिजे, वळता आले पाहिजे, आणि त्याने पेटीत आपणहून गेले पाहिजे, कोंबलेला कुत्रा वाटेत घाबरून स्वतःला इजा करतो. सुरमई पेटीच्या दारापाशी जाई, आत वास घेई, आणि माझ्याकडे असे पाही की जणू मी तिला एखाद्या बुडीत पतपेढीत ठेव ठेवायला सांगतो आहे. रोशनीने इंटरनेटवरून शोधून सांगितले की आपण स्वतः आत जाऊन दाखवावे, म्हणजे कुत्र्याचा विश्वास बसतो. एका रविवारी दुपारी घरात कोणी नसताना मी तो प्रयोग केला. डोके गेले, खांदे गेले, पोट गेले नाही. मागे यावे तर माझ्या निळ्या चौकड्यांच्या सदऱ्याची पाठ आतल्या एका स्क्रूत अडकलेली. (हा सदरा रोशनीच्या पदवीदान समारंभासाठी घेतलेला, उत्तम सुती, एकदाही रंग न सोडलेला.) अशा अवस्थेत असताना दाराशी खोकला ऐकू आला. ते आमच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन चंद्रप्रकाश होते. सोसायटीचे हिशेब मी दर वर्षी विनामूल्य तपासतो, आणि डिझेलच्या खर्चावर मी घेतलेल्या आक्षेपाविषयी बोलायला ते आले होते. कोणताही सभ्य मनुष्य अशा वेळी एकतर मदत करतो किंवा निघून जातो. चंद्रप्रकाश माझ्या खुर्चीत बसले. "हरेश्वरशेठ, बरं झालं निवांत सापडलात," असे म्हणून त्यांनी डिझेलचा संपूर्ण इतिहास माझ्या पाठीमागच्या बाजूला ऐकवला आणि शेवटी विचारले, "मग काढायचा ना तो आक्षेप?" मी पेटीतून स्पष्ट शब्दांत 'नाही' म्हणालो. तो आक्षेप आजही कायम आहे.

या चर्चेच्या मध्यावर सुरमई माझ्या खांद्यावरून सरपटत पेटीत शिरली, माझ्या तोंडाशेजारी पडली आणि माझा चश्मा चाटू लागली. आपणहून! मी गुंड्या सोडल्या आणि सदरा आत ठेवून बनियनवर बाहेर आलो. (चंद्रप्रकाशनी ही गोष्ट बंदरावर कशी सांगितली, हे तुझ्या कानावर आले असेलच. त्यात मी भुंकलो हा भाग खोटा आहे.) सुरमई सदऱ्यावर निजून राहिली. त्या दिवसापासून सदरा आत असेल तर ती पेटीत जाते. नसेल तर जात नाही. हे म्हणजे माझा सदरा तिच्या नावावर झाल्यासारखे झाले. तिची जाण्याची वेळ आली तेव्हा मी तो काढून घेतला, दोनदा धुतला, इस्त्री करून कपाटात ठेवला आणि कमळला सांगितले की कुत्रीला पेटीत घालण्याची दुसरी काही व्यवस्था करा, माझे चांगले कपडे परदेशी पाठवायचे नाहीत. कमळ म्हणाली, "बरा." कमळ 'बरा' म्हणते तेव्हा काही बरे होत नाही, हे तू आमच्या लग्नापासून जाणतोस.

संक्रांतीनंतर प्रवासी मिळाला. पवईचा अनय म्हणून एक गृहस्थ, संगणकाचे काम करणारा, सभ्य वाटला. आता आमच्या गल्लीचा कारभार ऐक. सुरमई जाणार म्हटल्यावर बाजारातल्या बायका घरी जमल्या. तिला हळदकुंकू लावले. तिची ओटी भरली. नारळ, तांदूळ, वर गजरा. (ओटी कोठे भरावी हा प्रश्न उपस्थित झाला तेव्हा ती पेटीवर भरण्यात आली.) दोघी-तिघींनी गाणे धरले. एक म्हातारी रडली. मी सर्वांना समजावून सांगितले की ही सासरी जात नसून सामान म्हणून जात आहे. गाणे चालूच राहिले. पेटीत कमळने स्वतः शिवलेली नवी गोधडी अंथरली होती, आणि काय आश्चर्य, सुरमई सदऱ्यावाचून धावत आत गेली आणि गोधडीत नाक खुपसून पडली. मी कमळचे जाहीर कौतुक केले. प्रबुद्धा, तेच कौतुक माझ्या अंगाशी आले.

विमानतळावर जायला गल्लीतला मासळीचा टेम्पो, कारण पेटी रिक्षात मावेना. त्यामुळे जो वास येत होता तो टेम्पोचा आहे, अशी माझी विमानतळापर्यंत समजूत होती. काउंटरवरच्या मुलीने कागद पाहिले, पेटीकडे पाहिले, रुमाल नाकाला लावला आणि अतिशय नम्रपणे विचारले, "काका, ह्यात नक्की कुत्राच आहे ना?" मी तिला कागदांचा संपूर्ण संच क्रमवार दाखवला. माझ्या कागदांत एकही त्रुटी निघाली नाही, हे मी येथे अधोरेखित करू इच्छितो. तरीही अधिकारी आला, त्याने पेटी उघडायला लावली, गोधडी दाबून पाहिली, ती करकरली. त्याने शिवण उसवली. प्रबुद्धा, त्या गोधडीच्या प्रत्येक घडीत, एकेका चौकोनात एक याप्रमाणे, सुके बोंबील शिवलेले होते. त्यांच्या मध्ये जवळा भरलेला. मासळीचा पदार्थ त्या देशात नेण्यास सक्त मनाई आहे. हा नियम मी घरी दोनदा मोठ्याने वाचून दाखवला होता. अधिकारी मला म्हणाला, "साहेब, कुत्रा पाठवताय की माल?" रांगेतले लोक हसले. सुरमई एव्हाना बाहेर येऊन, गळ्यात गजरा, तोंडात बोंबील, त्या चकचकीत फरशीवर निवांत बसली होती. बोंबील टाकून दिले, तर पेटीत जवळा उरला. जवळा झटकला, तर तो फरशीवर पसरला. तो झाडायला माणूस येईपर्यंत काउंटर बंद झाले. बोंबलावाचून आणि सदऱ्यावाचून सुरमई पेटीत शिरायला तयार नव्हतीच. अनय मला म्हणाला, "सॉरी यार काका," आणि विमानात बसायला गेला. यार! मी त्याच्या वडिलांच्या वयाचा. मला राग कोणाचा अधिक आला, त्याचा की अधिकाऱ्याचा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

घरी येऊन मी कमळला जाब विचारला. ती मासे निवडत होती. तिने मानही वर केली नाही. "पोर पयल्यांदा परमुलखान चालली, रिकाम्या हाती धारू? तुमी तर सदरा पन दिला नाय." मी जेवलो नाही. सुरमई जेवली.

तेव्हापासून दर रविवारी हन्नेकेबाईंचा व्हिडिओ कॉल येतो. रोशनी मध्ये दुभाषा. कमळ तिकडे पाहून कोळी बोलीत बोलते, बाई आपल्या भाषेत बोलतात, आणि दोघी हसतात; रोशनीची गरजच पडत नाही. मला त्या बाईंविषयी अनेक आक्षेप आहेत. त्या सुरमईला गाजर खायला घालणार आहेत. गाजर! वाटीत चिरून ठेवलेले मला कॅमेऱ्यात दाखवले. सुरमईचे नाव बदलून 'स्टेला' ठेवण्याचा गटाचा विचार होता. बाईंनी तो नाकारला आणि 'सुर्मय' म्हणायचा सराव चालवला आहे. (उच्चार चुकीचा आहे, परंतु दर आठवड्याला थोडा सुधारतो, हे न्यायाने नोंदवतो.) त्यांचे घर तळमजल्यावर, मागे हिरवळ, दाराला एक पायरी होती तीही त्यांनी लंगड्या पायासाठी उतार करून घेतली. हे सर्व त्यांनी मला का दाखवावे? आमच्या घराला जिना आहे, हे मला ठाऊक नाही का?

त्या जिन्यावरून गेल्या महिन्यात माझी कंबर धरली, ती अद्याप सुटलेली नाही. डॉक्टरांनी वजन उचलण्यास मनाई केली आहे. ही गोष्ट मी घरी सांगितली नव्हती. कमळला ती माझ्या चालण्यावरून कळली. मी म्हणालो, सुरमईला वर न्यायला मी आहे तोवर घाई काय. तर म्हणाली, "आनि तुमाला वर कोन नेल?" संसारात इतकी वर्षे काढल्यावर माणसाला असले प्रश्न विचारू नयेत.

तात्पर्य, प्रबुद्धा: हे काम नाजूक आहे, कष्टाचे आहे, अपमानाचे आहे, आणि तुझ्यासारख्या भित्र्या, गुडघेदुखीच्या मनुष्याचे तर मुळीच नाही. तुम्ही लेकीच्या बाळंतपणाला चालला आहात. बरोबर कुत्रीची पेटी कशाला? मीरावहिनींना त्रास. माधुरीला काळजी. तुझे हित चिंतणारा एकच मनुष्य या जगात आहे आणि त्याने तुला हे सर्व वेळेवर कळवले आहे. वहिनींना नमस्कार, माधुरीला आशीर्वाद, आणि तुझ्या गच्चीला तज्ज्ञ माणूस दाखव.

तुझा शुभचिंतक व अत्यंत संतप्त मित्र,
हरेश्वर

ता. क. तुला लेखनाचा कंटाळा आहे हे जाणून रोशनीला पाठवायचा मजकूर मीच तयार करून देतो, जसाच्या तसा उतरवून काढ: "प्रिय रोशनी, माझ्या गुडघ्याच्या कारणास्तव डॉक्टरांनी मला प्रवासात कोणतीही अतिरिक्त जबाबदारी घेण्यास मनाई केली आहे. सबब सुरमईस नेणे शक्य नाही. क्षमस्व. तुझा काका." माझे नाव कोठेही येऊ देऊ नकोस. तू नाही म्हणालास की दुसरा प्रवासी मिळेपर्यंत पाऊस येईल, आणि पावसाळ्यात इतक्या लांब कुत्रीला पाठवणे बरे नव्हे, असे मला वाटते. जिन्याचे मी पाहून घेईन. कंबरपट्टा मागवला आहे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवून ठेवले होते, ते उघडून हे लिहीत आहे, कारण आज रविवार होता. हन्नेकेबाईंना रोशनीने गोधडीची हकीकत सांगितली होती. (मला न विचारता. या घरात मला काय विचारतात?) आज कॅमेरा लावून बाईंनी आम्हाला मागच्या अंगणात नेले. तेथे कपड्यांच्या दोरीवर त्यांनी मासे वाळत घातले होते. त्यांच्या बाजारात मिळणारे, चांदीसारखे, हाताएवढे. सुरमई पहिल्यांदा येईल तेव्हा घराला ओळखीचा वास यावा म्हणून. वर पाऊस पडत होता. एक मासा पक्ष्याने नेलेला. शेजारी तक्रार करून गेल्याचे त्या हसत सांगत होत्या, आणि हातात छत्री धरून उभ्या होत्या. स्वतःवर नव्हे, माशांवर. कमळ पदर तोंडाला लावून आत निघून गेली. मी त्यांना रोशनीमार्फत तेथल्या तेथे सुनावले की हे संपूर्ण चुकीचे आहे. शेपटीला दोरा बांधून मासे टांगीत नाहीत. बोंबील असता तर दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूच्या आडव्या वलांडीवर टाकतात, खाली वारा खेळता ठेवतात, आणि पावसात तर मुळीच नाही. बाईंनी ते वहीत लिहून घेतले आणि विचारले, त्यांच्याकडे ऊन फार थोडे, मग कसे करावे?

तेव्हा वरील मजकूर पाठवू नकोस. तिला घेऊन जा. ती तुला चावणार नाही; विमानतळावर तू घाबरलास तर ती तुझ्या पायावर बसेल, तेव्हा उडी मारू नकोस, कारण तेथे मागची भिंत नाही. उजव्या मागच्या पायाला हात लावू नकोस. पेटी ढकलताना तिच्याशी मराठीत बोलत राहा. काहीही बोल, वाटल्यास डिझेलविषयी बोल. आणि बाईंना भेटल्यावर गाजराचा विषय एकदा काढच.

ता. क. तिसरा. कमळने नवी गोधडी शिवली आहे. या वेळी मी ती स्वतः तपासली, चारही बाजूंनी उसवून पाहिली. आत बोंबील नाही, जवळा नाही, मासळीचा कणही नाही. कागदावर सही करून तसे लिहून देतो. आत निळ्या चौकड्यांचा एक सुती सदरा आहे. तो नियमात बसतो, मी नियम वाचला आहे. कालपासून माझ्या अंगात होता; धुतलेला नाही.